घरचा दिवाळी अंक: गणपती ते भाऊबीज, आठवणी जमवून अंक काढायची रीत

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि हळूहळू फराळाच्या ताटाशेजारी अंक असणं ही मराठी घरांची सवयच होऊन गेली. तीच सवय थोडी घराकडे वळवून घ्या. वर्षातून एक अंक घरच्याच माणसांनी, घरच्याच मजकुराचा काढायचा. चोवीस पानं, हाताने शिवलेली, नात्यातल्या प्रत्येक घराला एक प्रत. आमच्याकडे असा अंक निघतो. त्याच्या निमित्ताने जे हाती लागलं ते एरवी लागलं नसतं याची मला खात्री आहे, म्हणून तो कसा काढायचा ते इथे सविस्तर लिहिते.

आठवणी जपायला हव्यात हे कुणाला पटत नाही असं नाही. मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, माळ्यावर अल्बम असतात, कपाटात आजोबांची पत्रं असतात. पण या कामाला तारीख नसते. 'कधीतरी निवांत बसून बघू' म्हणता म्हणता सांगणारी माणसं निघून जातात. अंक म्हटला की तो दिवाळीच्या आत हातात पडावा लागतो. मग कुणाला तरी विचारावं लागतं, शंभर फोटोंतून एक निवडावा लागतो, त्याखाली दोन ओळी लिहाव्या लागतात. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. घरातल्या पोरांची आणि मोठ्यांचीही कल्पकता या निवडण्या-मांडण्यातच जागी होते.

अनंत चतुर्दशीपासून धनत्रयोदशीपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात. मधले सणवार कामाच्या टप्प्यांना अगदी चपखल बसतात.

गणपतीत: संपादक ठरवा

सगळे एकत्र असतात तेव्हाच हे ठरवून टाका. संपादक शक्यतो दहा ते सोळा वयाचा मुलगा किंवा मुलगी असावी. आजी-आजोबा जे मुलाला सांगत नाहीत ते नातवंडाला सांगतात. शिवाय नातवंडाने 'म्हणजे काय?' असं विचारलं की त्यांना नीट समजावून सांगावं लागतं, आणि तेच मजकुरासाठी हवं असतं. मोठ्यांनी टायपिंग, छपाई आणि शिवण सांभाळावी.

बाजारातल्या दिवाळी अंकाचा साचा उचला, मुलांना तो लगेच कळतो. संपादकीय हवं, मुलाखत हवी, पाककृती हवी, शब्दकोडं हवं. शब्दकोड्यात फक्त तुमच्याच घरात बोलले जाणारे शब्द घाला: धाकट्याने लहानपणी बोबडं केलेलं एखादं नाव, आजोबांची ठेवणीतली शिवी, मावशीने एका भांड्याला दिलेलं टोपणनाव. वार्षिक राशिभविष्य मुलांनी लिहायचं, घरातल्या प्रत्येकाचं. आणि जाहिराती! जाहिरातींशिवाय दिवाळी अंक पुरा होत नाही. काकूच्या कुरडयांची, दादाच्या जुन्या सायकलची, आजोबांच्या दुपारच्या झोपेची जाहिरात मुलं ज्या हौसेने करतात, तेवढा उत्साह कुठल्याही 'निबंध लिही' मध्ये नसतो.

एक पान मात्र ठरलेलं असू द्या: 'या वर्षी घरात'. दुधाचा भाव, भाज्यांचे भाव, कोण कुठल्या इयत्तेत, कोणाचा दात पडला, गच्चीतल्या कुंडीला पहिलं लिंबू कधी लागलं, पाऊस कधी आला. हे आज वाचायला साधं वाटेल. दहा वर्षांनी सगळे आधी तेच पान उघडतील.

पितृपक्ष: नावं आणि आवाज

या पंधरवड्यात घरात गेलेल्या माणसांची नावं तशीही घेतली जातात. तर्पणात तीन पिढ्यांचे उच्चार होतात, तिथपासूनच सुरुवात करा. एका मोठ्या कागदावर माहीत असलेली सगळी नावं लिहा. मग प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव भरायला घ्या. इथे कागद रिकामा पडायला लागतो. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलायचं, पुष्कळ घरांत नावही बदलायचं, आणि जुन्या कुलवृत्तांतांतून वंश चालला तो पुरुषांच्याच नावावर. पणजीचं माहेरचं नाव माहीत असणारं माणूस आज घरात एखादंच उरलेलं असतं. त्या माणसाला आधी गाठा, बाकी सगळं नंतर.

नावं अडली तर लग्नपत्रिका, जन्मपत्रिका आणि जुने शाळेचे दाखले शोधा. नाशिक-त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्या असतात. तुमच्या घराण्यातलं कुणी तिथे गेलं असेल तर आडनाव आणि मूळ गाव सांगून विचारता येतं. मोडीतली कागदपत्रं सापडली तर ती घाईने लॅमिनेट करू नका, फोटो काढून ठेवा आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. पुण्यात राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात या कामाची मोठी परंपरा आहे.

आता मुलाखत. 'आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग' असं विचारलं की आजी म्हणते, 'काय सांगायचं, झालं आपलं सगळं.' प्रश्न छोटा आणि हाताला लागेल असा हवा. चूल कुठल्या भिंतीला होती? पाणी कुठून आणायचात, किती खेपा व्हायच्या? शाळेत जाताना पायात काय असायचं? पहिल्यांदा सिनेमा बघायला कुणाबरोबर गेलीस? सगळ्यात फळणारा प्रश्न म्हणजे जुन्या घराचा नकाशा. कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, 'ओटीपासून परसापर्यंत काढ.' बाळंतिणीची खोली, धान्याचं कोठार, गाईचं दावं, कुणाची खाट कुठे, हे काढता काढता गोष्टी आपोआप येतात. तो कागद तसाच अंकात छापा, रेषा सरळ करत बसू नका.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनांशी जोडून विचारा. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, गिरणी संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, मुंबईतला पूर २६ जुलै २००५ चा. 'थोरल्या आत्याचं लग्न दुष्काळाच्या आधी की नंतर?' असं विचारलं की ७२ चा दुष्काळ बोलायला लागतो: खडी फोडायचं काम, सुकडी, तो लाल मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. आमच्या एका नातलग बाईंना लग्नाचं साल काही केल्या सांगता येईना, पण 'तेव्हा मिलोच्या भाकरीच होत्या घरात, वऱ्हाडाला काय वाढायचं म्हणून सासरे रडले होते' हे त्यांनी एका दमात सांगितलं. सालही मिळालं आणि अंकाचा मुख्य लेखही.

जात्यावरच्या ओव्या येणारी बाई घरात असेल तर तिच्याकडे सगळं सोडून आधी बसा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तरी तुमच्या आजीने तिच्या भावासाठी रचलेली ओवी फक्त तिच्याकडेच असू शकते. नुसतं 'म्हणून दाखव' म्हटलं तर ती अडखळेल. जातं असेल तर खुंटा तिच्या हातात द्या. नसेल तर निवडायला सुपात तांदूळ द्या. हात चालू झाले की शब्द येतात.

रेकॉर्डिंगसाठी साधा मोबाइल पुरतो. तो फ्लाइट मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करा आणि कुकर लावायची वेळ टाळा. आधी मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला तुम्हीच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव म्हणा. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. आणि रेकॉर्ड करतोय हे सांगून, विचारूनच करा. लपून घेतलेला आवाज अंकात वापरला तर ते माणूस पुन्हा तुमच्याशी मोकळेपणी बोलणार नाही.

माळ्यावरचे फोटो

बहुतेकांना काळजी कृष्णधवल फोटोंची असते. खरी घाई करायला हवी ती सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या रंगीत फोटोंची. त्यांतला निळसर रंग अंधारातसुद्धा उडत जातो आणि फोटो तांबूस होतो. जुने कृष्णधवल फोटो त्या मानाने चांगले टिकतात. म्हणून आधी रंगीत स्कॅन करा.

चिकट पानांचे अल्बम फोटोंना मारक असतात. पानाला घट्ट बसलेला फोटो ओढू नका, दात साफ करायचा फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. तरी सुटत नसेल तर पानासकटच स्कॅन करा. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय ठेवा. मोबाइलने काढणार असाल तर खिडकीशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात, फ्लॅश बंद करून. फोटोची मागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाच्या हस्ताक्षरात तारीख असते. मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता. बॉलपेन पुढून उमटतं.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात बुरशीचा त्रास असतोच. फोटो जमिनीलगतच्या कपाटात किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या मधून मधून बदला. जुन्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावून बघायचा मोह टाळा, जाणकाराकडे द्या.

परगावी किंवा परदेशी असलेल्या नातलगांना सांगा, फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर तो आकसून येतो आणि छपाईत फिसकटतो.

नवरात्र: स्वयंपाकघर आणि एक गोधडी

पाककृतीचं पान म्हणजे घरातल्या एका हाताची नोंद. आजी म्हणते 'मूठभर धने, अंदाजाने दगडफूल'. तिला ग्रॅम विचारू नका. गोडा मसाला किंवा भाजणी करायचा दिवस ठरवा, स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा आणि तिला नेहमीसारखं करू द्या. धन्यांचा डबा तिने हात घालण्याआधी एकदा तोला, हात घातल्यावर पुन्हा तोला. दोन्हींतला फरक म्हणजे तिची मूठ. सुकं खोबरं, तीळ, खसखस, नागकेशर, बाद्यान, सगळ्यांचं असंच. किती भाजलं ते वेळेने नोंदवू नका, आच बदलली की वेळ बदलते. ती कशावरून ओळखते ते लिहा: 'तीळ तडतडायला लागले की उतरव', 'खोबऱ्याचा रंग विटकरी झाला की बास'. जुन्या वहीत पायली-शेर असेल तर लक्षात ठेवा, चार शेरांची पायली, दोन मापट्यांचा शेर, दोन चिपट्यांचं मापटं. पण ही मापं धान्य भरून मोजायची आहेत, म्हणून त्यांचे ग्रॅम प्रत्येक धान्याला वेगळे येतात. माप घरात असेल तर भरून तोलून बघा.

'एक वस्तू' या पानासाठी आमची निवड ठरलेली असते: गोधडी. जुन्या सुती नऊवारींची, धावदोऱ्याने शिवलेली गोधडी घरात असेल तर ती दिवसाउजेडी खाली पसरा आणि वर ठिगळ लावणाऱ्या, अंगावर घेणाऱ्या सगळ्या बायकांना भोवती बसवा. मुलांनी कागदावर तिचा आराखडा काढायचा, प्रत्येक तुकड्याला आकडा द्यायचा, आणि एकेक आकडा ओळखत जायचं. तीन: आईचं बाळंतपणातलं पातळ. सात: काकांचा शाळेचा सदरा. अकरा: कुणालाच आठवत नाही. अकराचा रकाना रिकामाच छापा. अंक वाचून कुणीतरी सातासमुद्रापलीकडून सांगतं, 'अगं, तो आमच्या दिवाणावरचा पलंगपोस.'

लिहिणं आणि गाळणं

रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवायची गरज नाही. पण जे उतरवाल ते बोलणाऱ्याच्याच बोलीत ठेवा. आजी अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत बोलली असेल तर तिला पुस्तकी मराठीत आणू नका. टायपिंग युनिकोडमध्येच करा म्हणजे मजकूर कुठल्याही यंत्रावर उघडेल. मोबाइलच्या कीबोर्डवर बोलून मराठी टाइप करता येतं, नंतर ऱ्हस्व-दीर्घ तपासावं लागतं एवढंच. 'मुक्त' किंवा 'बालू' हे मुंबईच्या एक टाइपने केलेले मोफत फाँट छापील अंकाला छान दिसतात. संपादकीय मात्र हाताने लिहून स्कॅन करा. मुलाचं त्या वयातलं अक्षर पुन्हा मिळत नाही.

एकच प्रसंग दोघी बहिणी दोन तऱ्हांनी सांगतात, आणि मग वाद होतो. निवाडा करू नका. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून जमवल्या, आणि लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठ ज्याच्या त्याच्या नावानिशी नोंदवलेले सापडतात. आपणही दोन्ही हकिकती शेजारी शेजारी, नावं घालून छापाव्यात.

वाटणीची भांडणं, कुणाचं आजारपण, मोडलेलं लग्न हे अंकात नको, ज्याचं आहे त्याने स्वतः लिहून दिल्याशिवाय. सांगणाऱ्याला ते कुठेतरी राहावंसं वाटत असेल तर वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि ते कधी उघडायचं हे त्यालाच पाकिटावर लिहू द्या. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचून दाखवा. आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवल्यावर ते हमखास आणखी एक गोष्ट सांगतात, तेव्हा तेवढी जागा राखून ठेवा.

कोजागरी: मांडणी, छपाई, शिवण

दूध आटेपर्यंत गच्चीवर किंवा हॉलमध्ये पानं लावायला बसा. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानसंख्या नेहमी चारच्या पटीत. चोवीस पानांना सहा कागद. आधी कोऱ्या कागदांची डमी करा: सहा कागद एकात एक घालून दुमडा आणि पेन्सिलने १ ते २४ आकडे टाका. आता कागद सुटे केलेत की एका बाजूला शेजारी शेजारी आलेल्या दोन पानांची बेरीज प्रत्येक वेळी २५ येईल: २४ आणि १, २ आणि २३, असं. मांडणी बरोबर आहे की नाही ते तपासायची ही सोपी खूण. पीडीएफ वाचायच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये छापताना 'बुकलेट' असा पर्याय असतो, तो हे आपोआप जुळवतो, तरी डमी कराच.

छपाई लेझर प्रिंटरवर करा. घरच्या साध्या इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. आतला कागद ८० ते १०० जीएसएमचा, मुखपृष्ठ २५० च्या आसपास.

मुखपृष्ठावर फाटक्या सुती साडीचा काठ चिकटवला तर प्रत्येक प्रत वेगळी होते. त्याला कणकेची पातळ खळ लावा. पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी असतो, मुलं काम करत असतील तिथे नकोच. चिकटवून झालं की वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबून ठेवा.

शिवण तीन भोकांची. दुमडीवर मधोमध एक आणि दोन्ही टोकांपासून दोन बोटं आत एकेक भोक दाभणाने पाडा. जाड दोरा घ्या, अंकाच्या उंचीच्या अडीचपट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या अंगाने थेट खालच्या भोकाशी नेऊन बाहेर काढा, आणि मधल्या भोकातून पुन्हा आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. त्या टाक्यावर गाठ मारा. पहिली प्रत शिवायला वेळ लागतो, नंतर दहा वर्षांचं मूलही एकटं शिवतं.

प्रकाशन आणि नंतर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किंवा पाडव्याला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातून प्रकाशन करा, आणि संपादकाने एक पान मोठ्याने वाचावं. लांबच्यांना पीडीएफ पाठवा, पण त्यात फोन नंबर, पत्ते आणि मुलांच्या शाळांची नावं राहिलेली नाहीत ना ते बघून.

एक प्रत वाचायची नाही, ठेवायची. ती धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. रेकॉर्डिंग, स्कॅन आणि पीडीएफच्या तीन प्रती हव्यात: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे किंवा क्लाउडवर. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी माणसाचं नाव लिहिलं की सगळं आपोआप क्रमाने लागतं. दरवर्षी पाडव्याला डिस्क उघडून दोन-तीन फाइली चालवून बघा, आणि डिस्क जुनी झाली की ती बंद पडायची वाट न बघता नवीवर उतरवा.

भाऊबीजेला सगळे जमले की पुढच्या वर्षीचा संपादक ठरवा. खोकं, डमी, दाभण आणि या वर्षी जागेअभावी राहिलेला मजकूर त्याच्या ताब्यात द्या. सोबत एक शंभर पानी वही द्या आणि ती फ्रिजवर टांगायला सांगा, पेन दोऱ्याने बांधून. 'या वर्षी घरात'ची पहिली नोंद त्याच दिवशी करून टाका: ओवाळणी किती मिळाली आणि करंज्या कुणी संपवल्या.